शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि लोकांचा विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांचा शास्त्रज्ञांवरचा विश्वास उडाला आहे, असं सारखं कानावर येतं. खरं आहे का?

जगभराचा विचार केला तर नाही. २०२२ च्या अखेरीपासून २०२३ च्या ऑगस्टपर्यंत ६८ देशांतल्या ७१,९२२ लोकांना शास्त्रज्ञांबद्दल सारखेच प्रश्न विचारले गेले. निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. १ ते ५ या मापावर सरासरी आली ३.६२. एकाही देशाचा एकूण कल अविश्वासाकडे नव्हता. इजिप्त आणि भारत सर्वात वर होते, अल्बानिया सर्वात खाली, आणि तिथली सरासरीसुद्धा ३ च्या किंचित वरच होती.

मला मात्र याच पाहणीतले दुसरे आकडे जास्त बोलके वाटतात. शास्त्रज्ञांना आपलं काम येतं, असं ७८ टक्के लोक मानतात. ते प्रामाणिक असतात, असं ५७ टक्के मानतात. त्यांना लोकांच्या भल्याची काळजी असते, असं ५६ टक्के. आणि ते दुसऱ्याचं म्हणणं लक्ष देऊन ऐकतात, असं मानणारे फक्त ४२ टक्के. ‘त्यांना कळतं’ इथून ‘ते आमचं ऐकतात’ इथवर येईपर्यंत जवळजवळ निम्मे लोक गळून पडतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या गळतीत आहे.

शास्त्रज्ञांवरचा विश्वास आणि डॉक्टरांवरचा विश्वास एकच धरायचा का?

एकत्र मोजले जातात, पण एकच नाहीत. बहुतेक माणसं आयुष्यात एकाही शास्त्रज्ञाला भेटत नाहीत. त्यांच्या लेखी शास्त्रज्ञ म्हणजे बातमीतलं नाव. डॉक्टर समोर असतो, आणि आपण दुखत-खुपत असताना, घाबरलेले असताना समोर असतो. तिथे विश्वास ठेवणं हा विचार करून घेतलेला निर्णय कमी आणि नाइलाज जास्त असतो.

शिवाय डॉक्टरांवरच्या विश्वासातही दोन थर आहेत: ‘माझे डॉक्टर’ आणि ‘डॉक्टर मंडळी’. अमेरिकेत १९६६ मध्ये वैद्यकीय क्षेत्राच्या धुरीणांवर पुष्कळ भरवसा असणारे ७३ टक्के होते, २०१२ मध्ये ३४ टक्के उरले. २९ देशांच्या तुलनेत ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवता येतो’ असं म्हणण्यात अमेरिका २४ व्या जागी होती. आणि त्याच तुलनेत, स्वतःला मिळालेल्या उपचारांबद्दल समाधानी असण्यात तिसऱ्या जागी! म्हणजे माझा डॉक्टर चांगला, व्यवस्था मात्र भरवशाची नाही. हा विरोधाभास नाही. माणसं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल दोन वेगळी उत्तरं देत असतात.

महामारीनंतर हा दुसरा थर आणखी खचला. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत झालेल्या एका दीर्घ पाहणीत डॉक्टर आणि रुग्णालयांवर खूप विश्वास असणारे एप्रिल २०२० मध्ये ७१.५ टक्के होते, जानेवारी २०२४ मध्ये ४०.१ टक्के. उलट, प्रामाणिकपणाबद्दल लोकांना विचारलं की तिथे दोन दशकांहून जास्त काळ जवळपास दरवर्षी परिचारिकाच पहिल्या येतात. त्या उशाशी असतात, रात्री हाकेला येतात. मला वाटतं, कारण इतकंच साधं आहे.

कोणत्या गटांचा विश्वास कमी असतो?

६८ देशांच्या पाहणीत स्त्रिया, वयस्कर, शहरात राहणारे, जास्त शिकलेले आणि बऱ्या उत्पन्नाचे लोक शास्त्रज्ञांवर थोडा जास्त विश्वास ठेवताना दिसले. ‘थोडा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गटागटांतली दरी बातम्यांच्या मथळ्यांत दिसते तेवढी रुंद नाही.

डॉक्टर आणि रुग्णालयांचा प्रश्न आला की चित्र बदलतं. वर सांगितलेल्या अमेरिकी पाहणीत स्त्रिया, कृष्णवर्णीय, ग्रामीण, कमी शिकलेले आणि कमी उत्पन्नाचे लोक कमी विश्वास दाखवतात. स्त्रियांकडे बघा: शास्त्रज्ञांवर त्यांचा विश्वास पुरुषांपेक्षा जास्त, रुग्णालयांवर कमी. जिथे प्रत्यक्ष संबंध येतो तिथे तो घटतो. यावरून कुणाला बायकांच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढावासा वाटला, तर त्याने आधी रुग्णालयाबद्दल काढावा.

आणखी एक गोष्ट. २०१८ मध्ये १४० हून अधिक देशांत झालेल्या वेलकम संस्थेच्या पाहणीत दिसलं, की ज्यांचा सरकार, न्यायालयं अशा संस्थांवर भरवसा असतो त्यांचा विज्ञानावरही असतो. ज्याला कचेरीत, पोलीस ठाण्यात, शाळेत दारातूनच परत पाठवलं जातं, तो माणूस दवाखान्याच्या दारात कोरी पाटी घेऊन येत नाही.

कमी विश्वास म्हणजे कमी शिक्षण, असं सरळ म्हणता येणार नाही का?

नाही. ही समजूत शिकलेल्या लोकांना फार आवडते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. काही दिवसांत तिथला किरणोत्सारी सीझियम वाऱ्यापावसाबरोबर ब्रिटनच्या डोंगराळ भागांत उतरला. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियात मेंढपाळ शेतकरी आहेत. जूनमध्ये तिथल्या मेंढ्या विकायला आणि कापायला बंदी झाली. तज्ज्ञ म्हणाले, तीन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल. हा अंदाज सखल भागातल्या चिकणमातीवर बेतलेला होता. त्या मातीत सीझियम घट्ट धरून राहतो आणि गवतात येत नाही. डोंगरावरची माती आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेली. तिच्यात तो मोकळा राहिला, पुन्हा पुन्हा गवतात आणि गवतातून मेंढ्यांत येत राहिला. शेवटचे निर्बंध उठले २०१२ मध्ये. तीन आठवड्यांची २६ वर्षं झाली.

समाजशास्त्रज्ञ ब्रायन विन यांनी त्या शेतकऱ्यांशी बोलून जे नोंदवलं ते अंदाज चुकण्यापेक्षा गंभीर आहे. तज्ज्ञांनी सल्ला दिला, मेंढ्या खाली दरीत चारा. दरीतलं गवत हिवाळ्यासाठी राखायचं असतं, हे तिथल्या पोरालाही ठाऊक होतं. प्रयोगासाठी मेंढ्या कुंपणात कोंडल्या. मोकळ्या डोंगरावर फिरणाऱ्या मेंढ्या कोंडल्या की खंगतात, असं शेतकरी सांगत होते. कुणी ऐकलं नाही आणि प्रयोग पुढे सोडून द्यावा लागला. किरणोत्सार म्हणजे काय हे शेतकऱ्यांना नसेल कळत, पण माती, गवत आणि मेंढी त्यांना तज्ज्ञांपेक्षा चांगली कळत होती. त्यांना ठेच लागली ती तज्ज्ञ चुकले म्हणून नाही. चूक होण्याची शक्यता तज्ज्ञांनी कधी बोलूनच दाखवली नाही, आणि आपल्याला कुणी काही विचारलं नाही, म्हणून.

अज्ञानातून येणारा अविश्वास असतोच, नाही असं नाही. पण तो बराच शिकलेल्यांतही सापडतो. लस टाळणारी सुस्थितीतली, पदवीधर घरं अनेक देशांत आहेत. २०१८ च्याच पाहणीत लशी सुरक्षित नाहीत असं म्हणणाऱ्यांचं प्रमाण जगात सर्वात जास्त होतं फ्रान्समध्ये, तिघांत एक. बांगलादेश आणि रवांडा हे देश लशींवरचा भरवसा सर्वात जास्त असलेल्यांपैकी.

जुन्या चुका लोक इतकी वर्षं का धरून ठेवतात?

कारण त्या ‘चुका’ नव्हत्या. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्किगी इथे १९३२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना सांगितलं गेलं, तुमचं ‘रक्त खराब आहे’, आम्ही उपचार करतो. उपचार झाले नाहीत. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय झाल्यावरही दिलं नाही. रोग शेवटपर्यंत कसा वाढतो ते पाहायचं होतं. ४० वर्षं हे चाललं आणि १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

मार्सेला अल्सान आणि मॅरियन वॉनामेकर या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे काय झालं ते मोजलं. प्रकरण बाहेर आल्यानंतर वयस्कर कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरांकडे कमी जाऊ लागले. टस्किगीच्या जितके जवळ, तितका परिणाम जास्त. त्यांच्या हिशोबाप्रमाणे ४५ वर्षांच्या कृष्णवर्णीय पुरुषाचं उरलेलं अपेक्षित आयुष्य यामुळे दीड वर्षापर्यंत घटलं. ज्यांचा त्या अभ्यासाशी काही संबंध नव्हता, अशांचं.

मध्य आफ्रिकेतलं उदाहरण आणखी जुनं आहे. १९२१ ते १९५६ या काळात फ्रेंच वसाहतींत निद्रारोगाविरुद्ध लष्करी मोहिमा चालल्या. गावकऱ्यांना गोळा करून, पुष्कळदा बंदुकीच्या धाकाने, सुया टोचल्या जात. काही औषधांनी माणसं आंधळी झाली, काही दगावली. ज्या भागांत या मोहिमा जास्त झाल्या तिथे लोक आजही मोफत रक्ततपासणीला जास्त नकार देतात आणि मुलांना लशी कमी टोचल्या जातात. तिथले आरोग्याचे विकास प्रकल्प जास्त फसतात. रस्त्यांचे, शेतीचे प्रकल्प तसे फसत नाहीत. गावाने नेमकं काय लक्षात ठेवलं आहे ते यातून कळतं.

आणि सगळंच काही जुनं नाही. २०११ मध्ये पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेने ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी कावीळ ब च्या लसीकरणाचा बनाव रचला. ते उघड झाल्यावर, कट्टर धार्मिक पक्षांना मोठा पाठिंबा असलेल्या जिल्ह्यांत बालकांचं लसीकरण ठळकपणे घसरलं. ‘लस टोचणारे हेर असतात’ ही तिथली अफवा एकदा खरी ठरली होती, आणि त्याची किंमत पोरांनी मोजली.

पण आता तर नियम बदलले आहेत. मग आजच्या अविश्वासाला काय आधार?

नियम बदलले, ते चांगलंच झालं. संमती घेतल्याशिवाय प्रयोग करता येत नाही, नीतिसमिती असते. पण काही गोष्टी आजच्या आहेत.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर महामारीत घरोघरी पोचलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की यंत्र ९२ ते ९६ असा ठीकठाक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली गेलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. यंत्राचा प्रकाश त्वचेतून जातो आणि गडद त्वचेत त्याचा हिशोब चुकतो. यंत्राला द्वेष नसतो. पण ते कुणाच्या बोटांवर तपासून बाजारात आणलं, हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो.

झोपेच्या झोल्पिडेम या गोळीचंही तसंच. ती अमेरिकेत १९९२ पासून मिळते. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, म्हणून त्यांच्यासाठी मात्रा निम्मी करण्याचा आदेश निघाला २०१३ मध्ये. मधली वीस वर्षं बायकांनी पुरुषांची मात्रा घेतली. १९७७ ते १९९३ या काळात तिथे मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचनाच होती. थॅलिडोमाइड या औषधामुळे बालकं व्यंग घेऊन जन्मली, त्या धक्क्यानंतर काळजीपोटी आलेली. काळजीतूनही माणूस हिशोबाबाहेर राहतो.

२०१६ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलचं किमान एक खोटं विधान खरं मानलं. उदाहरणार्थ, त्यांची त्वचा जाड असते. ज्यांनी मानलं, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी धरल्या. ‘डॉक्टर माझं दुखणं खरं मानत नाहीत’ असं सांगणाऱ्या बाईला किंवा माणसाला हळवं ठरवण्याआधी हे आठवावं.

यात राजकारण किती?

काही देशांत पुष्कळ. अमेरिकेत १९७४ मध्ये विज्ञानावर सर्वात जास्त भरवसा पुराणमतवादी मंडळींचा होता आणि २०१० पर्यंत त्यांचाच सर्वात कमी झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये शास्त्रज्ञ लोकहिताने वागतात असा विश्वास असलेले डेमोक्रॅट ८८ टक्के होते, रिपब्लिकन, म्हणजे पुराणमतवादी पक्षाचे, ६६ टक्के. पण हा निसर्गनियम नव्हे. पूर्व युरोप, आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतल्या काही देशांत उजवीकडे झुकणारेच शास्त्रज्ञांवर जास्त विश्वास ठेवतात. नेते काय बोलतात आणि शास्त्रज्ञ कुणाच्या शेजारी उभे दिसतात, यावर बरंच ठरतं.

धार्मिक लोक विज्ञानावर कमी विश्वास ठेवतात का?

सगळीकडे नाही. ६८ देशांचा एकत्रित हिशोब केला तर धार्मिकता आणि शास्त्रज्ञांवरचा विश्वास हातात हात घालून जाताना दिसतात.

शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं. मग विश्वास कसा ठेवायचा?

मत बदलणं आणि मत बदलल्याचं लपवणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

१९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांनी फक्त १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापला. तो मागे घेतला गेला २०१० मध्ये. १२ वर्षांत भीती घराघरांत पोचली होती. त्याच नियतकालिकाने मे २०२० मध्ये करोनावर सुचवल्या गेलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक लेख छापला आणि मूळ आकडेवारीबद्दल इतर संशोधकांनी शंका घेतल्यावर दोन आठवड्यांच्या आत तो मागे घेण्यात आला. दोन्ही लेख छापायला नकोच होते. पण दुसऱ्या वेळी शंका घेणाऱ्यांचं ऐकलं गेलं. मी विश्वास ठेवतो तो या ऐकण्यावर, एखाद्या लेखावर नाही.

सांगण्याच्या पद्धतीबद्दल डेन्मार्क आणि अमेरिकेत एक उपयोगी प्रयोग झाला. लशीचे तोटे मोकळेपणी सांगितले तर ती घ्यायची तयारी थोडी कमी होते, पण सांगणाऱ्यावरचा विश्वास वाढतो. गोलमोल धीर दिला तर तयारीही वाढत नाही आणि विश्वासही जातो. ‘लोक घाबरतील’ म्हणून गप्प बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर हा निष्कर्ष असायला हवा.

मग शंका घेणं बरोबर की चूक?

तत्त्वज्ञ ओनोरा ओ’नील यांनी २००२ च्या आपल्या व्याख्यानांत हा प्रश्नच दुरुस्त केला. विश्वास वाढवणं हे ध्येय नव्हे; तो योग्य जागी असावा, हे ध्येय. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झालेल्या फ्रान्सिस केल्सी यांनी थॅलिडोमाइडला परवानगी द्यायला नकार दिला. पुरावा पुरेसा नाही, एवढंच त्या म्हणत राहिल्या आणि कंपनीच्या दबावाला बधल्या नाहीत. इतर देशांत त्या औषधामुळे दहा हजारांहून जास्त बालकं व्यंग घेऊन जन्मली. केल्सी यांची शंका पुरावा मागणारी होती आणि पुरावा आला असता तर ती मिटली असती. कोणत्याही पुराव्याने मिटत नाही ती शंका वेगळ्या जातीची. ती पुढे दुसऱ्याच कुणावर आंधळा विश्वास ठेवायला लावते.

अविश्वास समजून घेतला म्हणून त्याचे परिणाम सौम्य होत नाहीत, हेही सांगितलंच पाहिजे. नायजेरियातल्या कानोमध्ये १९९६ च्या मेंदूज्वराच्या साथीत एका परदेशी कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी केली होती आणि ती वादात सापडली. २००३ मध्ये तिथेच पोलिओच्या लशीवर बहिष्कार पडला. संशयाला इतिहास होता. तरी लुळी झाली ती त्यांचीच मुलं, आणि तिथून निघालेला विषाणू पोलिओमुक्त झालेल्या अनेक देशांत पुन्हा पोचला.

गेलेला विश्वास परत येतो का?

येतो. मात्र पत्रकं वाटून येत नाही.

पश्चिम उत्तर प्रदेशात पोलिओच्या थेंबांना अनेक घरांतून नकार मिळत होता, विशेषतः मुस्लिम वस्त्यांत. लोक विचारत, ताप-हगवणीला आमच्याकडे कुणी येत नाही, मग या दोन थेंबांसाठीच दर महिन्याला दार का ठोठावता? हा प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर म्हणून त्याच वस्त्यांतल्या बायकांना कामावर घेतलं गेलं. इमाम आणि मुस्लिम विद्यापीठांतली मंडळी सोबत आली, आणि पोलिओबरोबर हगवण, स्वच्छता, इतर लशी यांचीही दखल घेतली जाऊ लागली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ ला भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

२०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ असताना पांढऱ्या पोशाखातले लोक येत, मृतदेह पिशवीत घालून नेत, आणि कुठे पुरला हे घरच्यांना कळत नसे. गिनीतल्या वोमे गावात जमावाने आरोग्य पथकातल्या आठ जणांना ठार मारलं. या हत्येचं समर्थन होऊच शकत नाही. पण त्याच वर्षी दफनाची पद्धत बदलली. घरच्यांनी लांबून का होईना हजर राहायचं, प्रार्थना करायची, कबरीवर नाव लावायचं. विरोध निवळू लागला. विषाणूचं शास्त्र तेच राहिलं होतं, मेलेल्या माणसाचा मान तेवढा परत आला.

आणि कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधला एक प्रयोग. कृष्णवर्णीय पुरुषांना मोफत तपासणीला बोलावलं, कुणाला कोणता डॉक्टर मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. डॉक्टरला भेटण्याआधी सगळे सारख्याच तपासण्यांना तयार होते. भेटल्यानंतर, डॉक्टर कृष्णवर्णीय असेल तर जास्त जण तयार झाले, विशेषतः जिथे सुई टोचायची होती तिथे. आपल्यातला माणूस कोटात दिसणं ही शोभेची गोष्ट नाही.

माझ्या घरातलं कुणी डॉक्टरांचं अजिबात ऐकत नाही. काय करू?

आधी विचारा, काय झालं होतं? बहुतेक वेळा एक प्रसंग असतो: कुणीतरी अपमान केलेला, कुणाचा तरी मृत्यू ज्याचं कारण कधी नीट सांगितलं गेलं नाही. तो प्रसंग पूर्ण ऐकून घ्या, मध्ये खोडू नका. मग डॉक्टरकडे सोबत जा आणि प्रश्न लिहून न्या: हा आजार काय आहे, ही गोळी कशासाठी, न घेतल्यास काय होईल, दुसरा मार्ग आहे का. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. उत्तर समजलं नाही तर ‘पुन्हा सांगाल का’ म्हणा, आणि आपल्याला काय समजलं ते डॉक्टरांनाच उलट सांगून बघा. गैरसमज तिथल्या तिथे सापडतो. कागदपत्रं स्वतःकडे ठेवा. एवढं करूनही मन मानत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पहिल्याची परवानगी लागत नाही आणि त्यात त्यांचा अपमानही नाही. फक्त दुसरं मत घेईपर्यंत चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.